विक्रीला काढून वर्ष उलटलेलं घर घ्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही आमचं घर घेतलं तेव्हा ते चौदा महिने विक्रीला होतं. तेव्हापासून नात्यात, ओळखीत कुणाला असं पडून राहिलेलं घर दिसलं की फोन मला येतो. मी वकील नाही, इंजिनिअरही नाही. पण त्या घरापायी दोघांच्याही मागे बरेच महिने फिरले आहे. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. कायदे, कर आणि नोंदणीच्या पद्धती जागोजागी वेगळ्या असतात, त्यांच्यासाठी तिथल्याच वकिलाला विचारा.

किती दिवस झाले की घर "पडून राहिलं" म्हणायचं?

आकडा ठरलेला नाही. त्याच भागातली, साधारण तेवढीच घरं किती दिवसांत जातात ते आधी बघा. जिथे घरं महिन्याभरात जातात तिथे चार महिने म्हणजे खूप झाले. जिथे सगळ्यांनाच आठ महिने लागतात तिथे त्याच चार महिन्यांत विशेष काही नाही. फार मोठं, फार महाग किंवा विचित्र आराखड्याचं घर असेल तर गिऱ्हाइकंच मोजकी असतात, त्यामुळे त्याला वेळ लागणारच.

जाहिरातीवरच्या तारखेवर मात्र विसंबू नका. जुनी जाहिरात काढायची, दोन फोटो बदलायचे आणि "नवीन" म्हणून परत टाकायची, हा धंद्यातला जुना खेळ आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ साली एजंटांच्या यादीत अशी तारीख शून्यावर आणण्याला बंदी घातली गेली, एवढी ती सवय होती. फोटो नीट पाहिले तर वय कळतं. भिंतीवरचं कॅलेंडर, अंगणातल्या झाडाची उंची, एका फोटोत हिरवळ आणि दुसऱ्यात वाळलेलं गवत. आणि शेजारी तर सगळं सांगतातच.

इतक्या दिवसांत कुणी घेतलं नाही, म्हणजे घरात खोट असणारच ना?

असा संशय येणं साहजिक आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं: विकणाऱ्याला वस्तूची खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सरसकट सगळ्यांवरच संशय घेतो आणि चांगल्या वस्तूलाही भाव मिळत नाही. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

घरांच्या बाबतीत या संशयाला एक जादा पीळ आहे. पहिले दोन-तीन आठवडे घर जोरात पाहिलं जातं, कारण शोधात असलेली सगळी गिऱ्हाइकं नवीन जाहिरातीवर तुटून पडतात. तेव्हा विकलं गेलं नाही की पुढचा प्रत्येक जण विचारतो, "आधीच्यांनी का सोडलं?" आणि आधीच्यांनी सोडलं एवढ्याच कारणावर तोही सोडतो. असे वीस जण निघून गेले तरी त्यातल्या अठरांनी स्वतः काहीच तपासलेलं नसतं.

म्हणजे दिवसांच्या आकड्यावरून काहीतरी अडलंय एवढं कळतं. काय अडलंय ते तुम्हालाच शोधावं लागतं.

मग खरं कारण शोधायचं कसं?

"इतके दिवस का पडून आहे?" असं विचारलंत तर "योग्य गिऱ्हाईक मिळालं नाही" हेच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा: *आजवर किती जण पाहून गेले, किती जणांनी ऑफर दिली आणि बोलणी नेमकी कुठे मोडली?* माझ्या मते सगळ्या चौकशीत हा एक प्रश्न सर्वांत कामाचा आहे.

कुणी पाहायलाच आलं नसेल तर घराचा दोष नसून किंमत किंवा जाहिरातीचा आहे. फोटो अंधारे असतात, खोल्यांची संख्या चुकीची लिहिलेली असते. शोधताना लोक किमतीची मर्यादा घालतात आणि ती बहुधा गोल आकड्याची असते. घराची किंमत त्या आकड्याच्या जराशी वर असली की ते यादीत दिसतच नाही. भाडेकरू दार उघडायला टाळाटाळ करतो, चावी तिसऱ्याकडेच असते. अशी घरं माझी सर्वांत लाडकी, कारण यातलं एकही कारण घराबरोबर आपल्या घरी येत नाही.

खूप जण पाहून गेले पण ऑफर एकही नाही, तर कारण दारात उभं राहिल्यावर जाणवणारं आहे. वास, अंधार, आवाज, शेजार, चढ. ते तुम्हालाही जाणवेलच, फक्त पहिल्या भेटीत जाणवेल असं नाही.

ऑफर आली, घराची तपासणी झाली आणि मग मोडलं, तर भिंती, छप्पर, पाया किंवा नळजोडणी यांत काहीतरी निघालं. तो अहवाल मागा. विकणारा देईलच असं नाही, पण मागितल्यावर त्याचा चेहरा कसा होतो तेही बघण्यासारखं असतं.

आणि अगदी शेवटी, बँक किंवा वकील मध्ये आल्यावर मोडलं, तर घोळ कागदांत आहे. आधीच्या गिऱ्हाइकाला स्वतःच्याच कारणाने कर्ज मिळालं नाही, असंही होतं. एकदा झालं तर मी मान्य करते. दोनदा झालं की बँकेला घराचंच काहीतरी खुपतंय असं धरून चालते.

विकणाऱ्याला, एजंटला आणि शेजाऱ्याला हाच प्रश्न वेगवेगळा विचारा. तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर जिथे जुळत नाहीत तिथे खणा.

वर्षभर घर जात नाही, तरी मालक किंमत का उतरवत नाही?

बाजारापेक्षा त्याच्या डोक्यात दुसराच आकडा बसलेला असतो म्हणून. बहुधा तो आकडा म्हणजे त्याने स्वतः घर ज्या भावाला घेतलं तो, किंवा दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याला मिळालेला. १९९० च्या दशकातल्या बॉस्टनमधल्या फ्लॅटच्या विक्रीवर डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमीत विकावं लागणार होतं, ते मालक इतरांपेक्षा जास्त किंमत सांगत आणि त्यांची घरं जास्त काळ अडकून राहत. तोटा पदरात घेण्यापेक्षा माणूस वाट बघत बसतो. आपण तरी काय वेगळं करतो?

कधी कधी हात खरंच बांधलेले असतात. घरावरचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर कमीत विकून मालकाचं कर्जच फिटत नाही. भावंडांत हिस्से असतील तर चौघांतला एक जण आडमुठेपणा करतो. अशा ठिकाणी तुम्ही कितीही गोड बोललात तरी किंमत हलत नाही, तेव्हा हे आधी ओळखलेलं बरं.

बरेच दिवस बंद असलेल्या घरात काय काय पाहावं?

इथे जरा सविस्तर सांगते, कारण बंद घराचे आजार राहत्या घरापेक्षा वेगळे असतात.

आमचंच उदाहरण घ्या. दार उघडलं आणि गटाराचा असा भपका आला की नवरा दोन पावलं मागे सरला. एजंटने लगेच खिडक्या उघडल्या आणि काहीतरी पुटपुटला. शेजारच्या काकूंकडून कळलं की येणारा प्रत्येक जण नाकाला रुमाल लावूनच बाहेर पडायचा आणि "ड्रेनेज फुटलंय" अशी चर्चा सगळीकडे झाली होती. आमच्याबरोबर ओळखीचा प्लंबर होता. तो न्हाणीघरात गेला, जाळीवर टॉर्च मारला आणि म्हणाला, "ताई, दोन बादल्या पाणी आणा." न्हाणीघर, संडास, मोरी, सगळीकडे त्याने पाणी ओतलं, खिडक्या उघड्या ठेवायला सांगितल्या आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. दुसऱ्या दिवशी वास नव्हता.

झालं होतं असं. प्रत्येक जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात कायम थोडं पाणी साचलेलं असतं आणि त्या पाण्यामुळेच गटारातला वायू वर येत नाही. घर बंद राहिलं की काही आठवड्यांत ते पाणी वाळून जातं आणि वाट मोकळी होते. चौदा महिन्यांत कुणी दोन बादल्या पाणी ओतलं नव्हतं. अर्थात खात्री म्हणून आम्ही नंतर बाहेरचे चेंबर उघडून पाणी सोडून पाहिलंच. वास कधी कधी खरोखरच फुटलेल्या नळीचा असतो.

पाण्याचं आणखी एक. नळांचे वायसर आणि फ्लशच्या टाकीतली रबरं वापराविना कडक होतात, पहिल्यांदा पूर्ण दाबाने पाणी सोडलं की ठिबकायला लागतात. म्हणून घर पाहताना पाण्याचं कनेक्शन चालू करायला लावा, सगळे नळ एकदम उघडा आणि अर्ध्या तासाने सिंकखाली हात फिरवा. हे फुटकळ काम आहे, पण भिंतीच्या आतली नळी गळत असेल तर ते फुटकळ राहत नाही. साचलेलं पाणी राहायला येण्यापूर्वी भरपूर वाहू द्या. टाकी रिकामी करून घासून घ्या.

मग छत. राहत्या घरात गळती सुरू झाली की आठवड्यात कुणीतरी बादली लावतं, माणूस बोलावतं. बंद घरात ती अख्खा पावसाळा चालू राहते. छताच्या कोपऱ्यांत तपकिरी कडा असलेले डाग, भिंतीवर पांढरी बुरशीसारखी दिसणारी खारट पावडर, फुगलेले पोपडे, हे सगळे ओलीचे पुरावे. स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस रेघ आणि सिमेंटचे निघालेले तुकडे दिसले तर आतली सळई गंजतेय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तोच आतून काँक्रीट फोडतो. वरून प्लास्टर मारून ते थांबत नाही.

भेगांची भीती सगळ्यांनाच वाटते आणि बहुतेक भेगा निरुपद्रवी असतात. केसासारखी, मिलिमीटरच्याही आतली भेग साधारणपणे प्लास्टर आकसल्याची. पण खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी उतरणारी, किंवा पाच मिलिमीटरच्या वर रुंद भेग दिसली तर बांधकामाच्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथलं दार घासतं का, खिडकी बसते का तेही बघा. फरशीवर गोटी ठेवून पाहणं हा बालिश प्रकार वाटतो, मी तो दर वेळी करते.

लाकूड ठोकून बघा. पोकळ आवाज आला, किंवा भिंतीवरून मातीची पेन्सिलीएवढी रेघ चढलेली दिसली, तर वाळवी. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असू शकतं, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून तपासल्याशिवाय सगळे दिवे एकदम लावायचा उत्साह नको.

सगळं घर जुनंच आहे, फक्त एक भिंत ताजी रंगवलेली आहे. चांगलंच ना?

त्या भिंतीला तळहात लावून बघा, गार आणि दमट लागते का. पलीकडे न्हाणीघर आहे का ते पाहा. ओल मोजायचं छोटं यंत्र इंजिनिअरकडे असतं, ते त्याच भिंतीला लावायला सांगा. मोठा गालिचा आणि भिंतीला चिकटून ठेवलेलं एकुलतं एक कपाट, यांच्याही मागे डोकावा.

घर किती वेळा पाहावं?

निदान तीनदा, वेगवेगळ्या वेळी. त्यातली एक भेट रात्री आणि एक जमल्यास पाऊस पडत असताना. माझ्या मामेभावाला आवडलेलं घर रविवारी दुपारी अगदी शांत होतं. सोमवारी सकाळी साडेसहाला गेला तर मागच्या भिंतीला लागून असलेल्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापायचं यंत्र सुरू झालं. एजंट नेहमी रविवारीच वेळ देत होता, त्याचं कारण तेव्हा कळलं.

कागदपत्रांत काय अडकलेलं असू शकतं?

मालकी एकाच्या नावावर आणि वारस पाच. प्रत्येकाची सही लागते, त्यातला एक परदेशात, एक अबोला धरून. जुनं कर्ज फेडलंय पण बोजा उतरवल्याची नोंदच नाही. भाडेकरू निघायला तयार नाही. मंजूर नकाशात दोन खोल्या आणि प्रत्यक्षात तीन, म्हणजे वाढीव बांधकाम विनापरवाना. यासाठी नकाशा हातात घेऊन टेपने मोजायचं, एवढाच उपाय आहे. हद्दीचा वाद, रस्त्याचा हक्क, थकलेला कर.

मुखत्यारपत्रावर कुणी दुसराच सही करत असेल तर मूळ मालक हयात आहे का ते आधी पाहा. साधं मुखत्यारपत्र सर्वसाधारणपणे मालकाच्या मृत्यूबरोबर संपतं. घर बरीच वर्षं पडून असेल तर हा प्रश्न अवघड वाटला तरी विचारावाच लागतो.

वकील तुमचा हवा, एजंटने "आपलाच माणूस" म्हणून दिलेला नको. आणि कागद पूर्ण तपासले जाईपर्यंत इसार देऊ नका. द्यावाच लागला तर "कागद साफ निघाले नाहीत किंवा कर्ज नामंजूर झालं तर रक्कम परत" हे लेखी घ्या. तोंडी आश्वासनांचं काय होतं ते सांगायला नको.

किती कमी किंमत सांगावी?

"वर्षभर पडलंय म्हणजे वीस टक्के कमी" असा हिशोब करू नका. मालकाने आधीच दोनदा किंमत उतरवली असेल तर तो पुन्हा तेवढी उतरवणार नाही. उलट एकदाही उतरवली नसेल तर बोलायला बरीच जागा असू शकते. अलीकडे तिथे प्रत्यक्ष विकली गेलेली तीन-चार घरं शोधा. सांगितलेल्या किमती धरू नका, व्यवहार ज्या किमतीला झाले त्या धरा. त्यातून तुमच्या घराच्या दुरुस्तीचा खर्च वजा करा. छप्पर, ओल, वायरिंग यांची कंत्राटदाराकडून लेखी अंदाजपत्रकं घ्या आणि दर वेळी थोडं जास्तच धरा, कारण भिंत फोडल्यावर आत काहीतरी निघतंच.

मग तो आकडा कागदांसकट मालकासमोर ठेवा. "घर इतके दिवस कुणी घेत नाही" हे त्याला ऐकवू नका, ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त टोचतंय. रिकाम्या घराचा कर, देखभाल, विमा आणि कर्जाचं व्याज तो दर महिन्याला भरतोय. म्हणून कित्येकदा किमतीपेक्षा खात्री त्याला जास्त मोलाची वाटते: कर्ज आधीच मंजूर आहे, ताबा तुमच्या सोयीने घेऊ, जुनं सामान आम्ही हलवू. आम्हाला शेवटची सूट मिळाली ती माळ्यावरचं चाळीस वर्षांचं सामान आम्हीच काढू असं म्हटल्यावर. मालक वयस्कर होते, त्यांना ते बघवत नव्हतं.

नकार आला तर फोन नंबर ठेवून या. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा विचारा.

एजंट म्हणतो दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, उद्यापर्यंत सांगा.

चौदा महिने नव्हतं आणि आजच उगवलं? असू शकतं. तरी तपासणी न करता हो म्हणण्याइतकं ते मोठं कारण नाही. एजंटला व्यवहार लवकर उरकण्यात रस असतो, हे त्याच्या कमिशनच्या गणितातच आहे: आणखी थांबून किंमत थोडी वाढली तरी त्याच्या वाट्याला त्यातला चिमूटभर येतो. शिकागो परिसरातल्या घरांवर स्टीव्हन लेविट आणि चॅड सायव्हरसन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एजंटांची स्वतःची घरं गिऱ्हाइकांच्या घरांपेक्षा साधारण साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहिली आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला गेली. स्वतःचं घर असलं की त्यांनाही धीर धरता येतो.

बँक कर्ज देईल का?

दिवसांचा आणि कर्जाचा थेट संबंध नाही. बँक आपला मूल्यांकन करणारा माणूस पाठवते आणि सहसा त्याने काढलेली किंमत व व्यवहाराची किंमत यांतली जी कमी, तिच्यावर कर्ज देते. फुगवलेल्या किमतीत घर घेतलंत तर मधली तफावत तुमच्या खिशातून जाते. आणि रिकाम्या घराचा विमा घेताना अटी वाचा. घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं तर काही नुकसानींची भरपाई मिळत नाही, अशी कलमं पुष्कळ पॉलिसींत असतात. दुरुस्ती चालू असताना घर रिकामंच असतं, हे लोक विसरतात.

घरात कुणाचा तरी वाईट मृत्यू झाला होता असं कळलं. मग?

हे सांगणं विकणाऱ्यावर काही ठिकाणी कायद्याने बंधनकारक आहे, काही ठिकाणी नाही. त्यामुळे सरळ विचारा. भिंतींना त्याने काही होत नाही. पण घरातल्या एकाही माणसाला तिथे रात्री झोप लागणार नसेल तर स्वस्तात मिळालं म्हणून घेऊ नका, आणि त्याला समजावत बसू नका.

कुठलं कारण निघालं तर सोडूनच द्यावं?

खर्चाचा आकडा सांगता येत नाही असं कुठलंही. खचणारी जमीन, दर वर्षी आत येणारं पुराचं पाणी, कोर्टात चालू असलेला मालकीचा दावा. फुटलेलं छप्पर यात येत नाही, कारण त्याचा दर काढता येतो. आणि कारण सापडलंच नाही, सगळ्यांनी हात वर केले, तर मी आणखी महिनाभर थांबते.

मला पुढे विकायचं झालं तर मलाही वर्षभर थांबावं लागेल का?

कारण दुरुस्त होणारं असेल तर नाही. न होणारं असेल तर हो, म्हणूनच घेताना त्याची किंमत पुरेपूर वसूल करायची. आमच्या घराचा वास दोन बादल्या पाण्याने गेला. पण रस्त्यापासून दारापर्यंत बावीस पायऱ्या आहेत, त्या तशाच राहणार. त्यांच्यामुळे आम्हाला घर स्वस्त पडलं आणि आम्ही विकू तेव्हा तेवढंच कमी मिळेल, हे धरूनच घेतलं. सासूबाई बाजारातून येताना अकराव्या पायरीवर थांबतात. तिथे आम्ही एक बाक ठेवलाय.